विमानतळावरचे दहा तास वाया का घालवावेत?
लांबच्या सफरीतील मुक्कामाचा व्यापाऱ्याने करावयाचा हिशेब

बारामती, भिगवण, इंदापूर या पट्ट्यातून परदेशी जाणारी माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. कोणी उमराहला जातो, कोणी आखाती देशांत शिवणकाम, सुतारकाम किंवा वेल्डिंगच्या कामाला जातो. कोणी डाळिंब-द्राक्षाचा गिऱ्हाईक शोधायला दुबई गाठतो, तर कोणी कापड आणि मशिनरी पाहायला चीनला जातो. यांच्यापैकी बहुतेकांचे तिकीट थेट विमानाचे नसते. थेट विमानाचे भाडे परवडत नाही, म्हणून एजंट मध्ये कोठेतरी आठ, दहा, कधी चौदा तासांचा थांबा असलेले तिकीट काढून देतो. भाडे कमी झाले म्हणून आपणही खूश होतो.

पुढे काय होते ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. माणूस विमानतळावरच्या खुर्चीत अंग चोरून झोपतो, घरच्या दसपट दराने चहा घेतो, फोन चार्ज करायला जागा शोधत हिंडतो आणि थकून पुढच्या विमानात बसतो. ज्या कामासाठी गेला त्या कामाच्या पहिल्या दिवशी त्याचे डोळे उघडत नाहीत. समजा, अशा तिकिटात सहा हजार रुपये वाचले. खाण्यापिण्यात हजार-दीड हजार गेले, आणि थकव्यामुळे कामाचा एक दिवस गेला. मग वाचले किती? गल्ल्यावर बसून पैशापैशाचा हिशेब ठेवणारे आमचे बांधव या तासांचा हिशेब मात्र मांडत नाहीत. या लेखात आम्ही तोच मांडणार आहोत.

थांबा काही नवा नाही

आमच्या बुजुर्गांच्या सफरीत थांबा हाच सफरीचा मोठा भाग होता. दौंडमार्गे मुंबई गाठायची, मुसाफिरखान्यात जागा मिळवायची आणि जहाजाची वाट पाहायची. हजला जाणाऱ्यांचे दिवसच्या दिवस मुंबईत जात. समुद्रावरही सुटका नव्हती. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्कांनी 1882 मध्ये क्वारंटाइन सुरू केले होते. हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींच्या जहाजांना तेथे थांबून तपासणी करून घ्यावी लागे, आणि इंग्रजांच्या अमलातही ती पद्धत पुढे चालू राहिली. हाजींना नेणारी जहाजे 1995 साली बंद झाली आणि सर्वांचा प्रवास विमानाचा झाला.

त्या काळी मुंबईत अडकलेला कापडवाला मूळजी जेठा मार्केट आणि मंगलदास मार्केट पायाखाली घालत असे. ओळखी होत, भाव कळत, उधारीची बोलणी होत. आज आमच्याकडे वेळ तासांत आहे, पण बाजार दुबई, दोहा आणि क्वालालंपूरचे आहेत. फरक एवढाच की, त्या बाजारांत पाय ठेवायला आधी कागद लागतो.

पहिला प्रश्न : बाहेर पडता येईल का?

विमान बदलण्यासाठी थांबणे वेगळे आणि त्या देशात शिरणे वेगळे. तिकिटाच्या भाषेत 24 तासांच्या आतला थांबा तो ट्रान्झिट आणि त्याहून जास्त तो स्टॉपओव्हर. एजंटला तिकीट काढतानाच विचारा की हा थांबा कोणता, दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत का, आणि बॅगा शेवटच्या मुक्कामापर्यंत परस्पर जाणार का.

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कधीकधी स्वस्ताईसाठी दोन वेगवेगळी तिकिटे जोडून दिली जातात. अशा वेळी मधल्या ठिकाणी आपली बॅग आपणच घ्यायची असते आणि पुन्हा जमा करायची असते. बॅगेसाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि प्रवेशासाठी व्हिसा लागतो. शिवाय पहिले विमान उशिरा पोचले आणि दुसरे निघून गेले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तिकीट बुडते. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असतील तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. हजार-दोन हजारांच्या फरकासाठी जोडतिकीट घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता देशवार पाहू. संयुक्त अरब अमिरातीत ट्रान्झिट प्रवाशासाठी 48 तासांचा व्हिसा आहे. 2018 मध्ये त्याचे सरकारी शुल्क माफ झाले, आणि 96 तासांच्या व्हिसाला 50 दिरहम शुल्क ठरले. मात्र हा व्हिसा तेथील विमान कंपनीमार्फत आधीच मागावा लागतो. उतरल्यावर खिडकीवर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नये. सेवेचा आकार वेगळा पडू शकतो, तोही आधी विचारावा.

कतारने 2017 पासून भारतीय पासपोर्टवर अटींसह बिनव्हिसा प्रवेश सुरू केला. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक, पुढचे किंवा परतीचे पक्के तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग या त्यातील मुख्य अटी. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश दिला. त्यासाठी डिजिटल आगमन कार्ड आधी भरावे लागते. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. ज्याच्याजवळ अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा ठराविक देशांचा चालू व्हिसा आहे, त्यालाच तेथे 96 तासांची ट्रान्झिट सवलत आहे. इस्तंबूलचेही जवळपास असेच. अमेरिका, इंग्लंड किंवा शेंगेन देशांचा व्हिसा असेल तरच ऑनलाइन व्हिसा मिळतो. चीनने डिसेंबर 2024 मध्ये ट्रान्झिटची सवलत 240 तासांपर्यंत वाढवली तेव्हा त्या देशांच्या यादीत भारत नव्हता. म्हणून तेथे कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

हे नियम बदलत असतात. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी ठिकाणी किंवा विमान कंपनीकडे खात्री करून घ्यावी. एजंटचे तोंडी 'हो जाएगा' हा व्हिसा नव्हे.

जिद्द्याचा थांबा

आमच्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल सौदी अरेबियाने केला आहे. 30 जानेवारी 2023 पासून तेथे ट्रान्झिट प्रवाशासाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसा सुरू झाला. सौदिया किंवा फ्लायनासचे तिकीट काढतानाच त्याचा अर्ज करता येतो. त्यावर 96 तास राहता येते, उमराह करता येतो आणि मदीना मुनव्वरा येथे मस्जिदे नबवीत हाजिरीही देता येते. म्हणजे इस्तंबूल, कैरो किंवा लंडनला कामासाठी निघालेला माणूस जिद्द्याचा थांबा धरून हे सर्व साधू शकतो.

परंतु बारा तासांच्या थांब्यात हे बसवू नये. विमानतळापासून मक्का सुमारे 100 किलोमीटर आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या हरमैन रेल्वेचे स्टेशन विमानतळाच्या टर्मिनल 1 मध्येच आहे आणि प्रवास तासाभराच्या आतबाहेरचा आहे. मात्र इमिग्रेशन, गाडीची वेळ, तवाफ, सई, हजामत आणि परतीची वाट हे सारे धरले तर पूर्ण एक दिवस हवा. दोन असतील तर उत्तम. घाईघाईत केलेल्या इबादतीत ध्यान घड्याळाकडे राहते.

आणखी दोन गोष्टी. मुंबईहून जिद्द्याला जाताना मीकात विमानातच ओलांडली जाते. म्हणून एहरामची कापडे हातातल्या बॅगेत ठेवावीत, जमा केलेल्या बॅगेत नव्हे. अनेकजण येथेच फसतात. दुसरे म्हणजे उमराहची वेळ नुसुक ॲपवर आधी घ्यावी. हजच्या मोसमात हजच्या परवान्याखेरीज मक्केत प्रवेश बंद असतो, त्या दिवसांत हा बेत करूच नये.

तासांचा ताळेबंद

व्हिसा हातात असला तरी प्रत्येक थांबा बाहेर पडण्याजोगा नसतो. दहा तासांच्या थांब्याचा ताळेबंद असा मांडा. उतरून इमिग्रेशनमधून बाहेर यायला एक ते दीड तास. शहरात जायला एक तास, यायला एक तास. विमान सुटण्याच्या आधी तीन तास परत हजर राहिलेच पाहिजे. साडेसहा तास येथेच गेले. हातात राहिले साडेतीन. तेवढ्यात एक बाजार नीट पाहून होतो, दोन नाही.

सहा तासांपेक्षा कमी थांबा असेल तर आम्ही बाहेर पडण्याचा सल्ला देणार नाही. सहा ते आठ तासांतही शहर जवळ असेल आणि हाती फक्त छोटी बॅग असेल तरच. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंतचा थांबा कितीही लांब असला तरी बाजार बंदच असतात. त्या वेळी झोप घेणे हाच फायद्याचा सौदा. म्हणून तिकीट काढताना थांबा किती तासांचा आहे एवढेच न पाहता तो दिवसाच्या कोणत्या वेळेला येतो हेही पाहावे. सकाळी आठला उतरून संध्याकाळी आठला निघणारे तिकीट आणि रात्री दहाला उतरून सकाळी दहाला निघणारे तिकीट यांत तास सारखेच असतात, पण व्यापाऱ्याच्या उपयोगाचे पहिलेच आहे.

वारही पाहावा. अमिरातीत जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुटी आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस. सौदी आणि कतारमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारची. आखातातील जुन्या बाजारांत दुपारी काही तास दुकाने बंद ठेवण्याची रीतही आहे. नेमके त्याच वेळी पोचलो तर बंद शटर मोजत फिरावे लागते.

कोठे काय पाहावे

दुबईच्या विमानतळावर टर्मिनल 1 आणि 3 ला मेट्रो लागून आहे, टर्मिनल 2 ला नाही. रेड लाइनने युनियन स्टेशनला यावे, तेथून ग्रीन लाइन धरून अल रास येथे उतरावे. मसाल्याचा आणि सोन्याचा बाजार येथेच. खाडीकाठी जाऊन अब्रा नावाच्या होडीत बसले की एका दिरहममध्ये बर दुबईच्या काठाला पोचतो, आणि समोरच कापडबाजार. आमचा धंदा कापडाचा, म्हणून सांगतो. येथे खरेदीपेक्षा नजर तयार होते. अबायाचे कापड, कंदुऱ्याचे पांढरे जपानी पॉलिएस्टर, आफ्रिकेकडे जाणाऱ्या छापील मालाचे रंग हे सारे एका गल्लीत हाताला लागते. आपल्याकडे ज्या मालाला 'इम्पोर्टेड' म्हणून दुप्पट भाव सांगतात तो मुळात किती वजनाचा आणि किती पन्ह्याचा आहे, हे येथे कळते.

दुबई ही विकण्याचीही जागा आहे. भारत आणि अमिरात यांच्यातील व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू झाला. मूळ भारतीय असल्याचा दाखला असेल तर आपल्या कापडाला आणि तयार कपड्यांना तेथे आयातशुल्काची सवलत मिळते. बारामतीला टेक्स्टाइल पार्क आहे, शिवणकाम जाणणारे हात आहेत. शाळेचे गणवेश आणि कामगारांचे डगले शिवणाऱ्याने तेथील दोन ठोक दुकानांत नमुना दाखवून भाव विचारला, तर त्यात काहीच बुडत नाही. इंदापूरच्या फळवाल्यांनी अल अवीरचा फळबाजार पाहावा. पहाटे उतरणाऱ्याला तो सोयीचा. आपल्याच डाळिंबाची पेटी तेथे कशी बांधलेली आहे, इतर देशांचा माल कोणत्या आकारात येतो, कोणता भाव धरतो, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस दलालाशी वेगळ्या भाषेत बोलतो. चिनी हार्डवेअर आणि दिवाबत्तीचे सामान पाहणाऱ्यांसाठी 2004 मध्ये सुरू झालेला ड्रॅगन मार्ट आहे, मात्र तो शहराच्या बाजूला असल्याने जास्त वेळ हवा.

दोह्यात विमानतळावरून मेट्रोची रेड लाइन मशैरब येथे येते. तेथे गोल्ड लाइन बदलली की पुढचेच स्टेशन सूक वाकिफ. बाजार छोटा पण पाहण्यासारखा. मसाले, अत्तर आणि भरतकामाचे दर येथे कळतात. जरीकाम, भरतकाम करणाऱ्या कारागिरांनी तेथील बिश्तची किनार जवळून पाहावी.

चीनला जाणारे बरेच व्यापारी क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे जातात. 2020 नंतर काही वर्षे भारत-चीन थेट विमाने बंद होती, तेव्हा तर दुसरा रस्ताच नव्हता. थेट विमाने ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली तरी भाड्याच्या फरकामुळे हा मार्ग सुटलेला नाही. क्वालालंपूरच्या विमानतळावरून जलद रेल्वे टर्मिनल 1 पासून 28 मिनिटांत शहरातील मुख्य स्टेशनवर आणते. तेथून शहरी रेल्वेने मस्जिद जामेकला उतरले की जालान मस्जिद इंडिया हा रस्ता चालत गाठता येतो. साड्या, पंजाबी ड्रेसचे कापड, बाजू कुरुंगचे तागे, बाटिक, हिजाब असा माल तेथे आहे. दुकानदारांत तमिळ मुस्लिम पुष्कळ, त्यामुळे अनेक ठिकाणी बोलणे सोपे जाते. ग्वांगझूच्या कँटन फेअरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ते वर्षातून दोनदा, वसंत आणि शरद ऋतूत, तीन टप्प्यांत भरते आणि कापड-कपड्यांचा माल तिसऱ्या टप्प्यात असतो. थांबा आणि टप्पा दोन्ही जुळवून तिकीट काढले तर एका सफरीत दोन बाजार होतात.

नमुना आणि माल यांतला फरक

बाजारात गेलो की हात शिवशिवतो. पण थांब्याच्या ठिकाणी माल घेऊ नये, नमुना घ्यावा. कापडाच्या छोट्या चिंध्या, त्यावर भोक किंवा 'नमुना, विक्रीसाठी नाही' असा शिक्का, सोबत दुकानाचे कार्ड एवढे पुरे. विक्रीच्या हेतूने दहा-वीस नग आणले तर ते वैयक्तिक सामान धरले जात नाही आणि कस्टमवाला अडवतो. तो त्याच्या जागी बरोबर असतो. माल आणायचा असेल तर आयात-निर्यात कोड काढून, बिलासह, रीतसर मागवावा. किमती नमुने दाखवायला नेऊन परत आणायचे असतील तर एटीए कार्नेट नावाचा कागद आहे. तो आपल्याकडे फिक्की ही संस्था देते.

वहीत काय टिपावे? कापडाचा पन्हा, वजन, धागा, रंगाचा पक्केपणा, कमीत कमी किती मीटरची ऑर्डर घेतात, पैसे कधी मागतात आणि माल किती दिवसांत देतात. नुसता भाव टिपला तर घरी आल्यावर त्याचा काही अर्थ लागत नाही.

सावधगिरी

आता जे सांगतो ते सर्वांत महत्त्वाचे. परतीच्या एका सफरीत थांब्याच्या ठिकाणी एका अनोळखी माणसाने आमच्याकडे एक छोटे पुडके दिले होते. आपलाच मुलूख, आपलीच बोली, मुंबईला भाऊ घेऊन जाईल म्हणाला. आम्ही नम्रपणे नकार दिला. तो नाराज झाला, पण आमचा निर्णय योग्यच होता असे आम्ही आजही मानतो. पुडक्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि कायदा ज्याच्या हातात पुडके सापडले त्यालाच विचारतो. सोने असेल तर कस्टमची कारवाई. अंमली पदार्थ निघाले तर आखातात आणि सिंगापूर-मलेशियात वर्षानुवर्षांची कैद, प्रसंगी जीवही जातो. मुरव्वतीपोटी घर उद्ध्वस्त करून घेऊ नये.

खसखस हा आपल्या स्वयंपाकघरातला साधा जिन्नस. पण अमिरात, सौदी आणि सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे. मसाल्याच्या पुडीत, मिठाईत, अनारशावर ती असते. आई-बहिणींनी मायेने बांधून दिलेला डबा तपासूनच न्यावा. खोकल्याची, झोपेची आणि वेदनेची काही औषधेही तेथे चालत नाहीत. औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे. आपण फक्त विमान बदलणार आहोत, ही सबब तेथे ऐकली जात नाही.

बाहेर पडायचे नसेल तर

प्रत्येकाने बाजार धुंडाळलाच पाहिजे असे नाही. नोकरीच्या व्हिसावर पहिल्यांदा निघालेल्या कारागिराने आतच थांबलेले बरे. त्याची दौलत म्हणजे त्याची कागदपत्रे. करारपत्र, व्हिसा, मालकाचा फोन, भारतीय वकिलातीचा फोन हे सारे या वेळात पुन्हा वाचून वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. करारातील पगार, कामाचे तास, जेवण-निवास यांची कलमे समजली नसतील तर तेथून घरी फोन करून जाणत्या माणसाला वाचून दाखवावीत. पुढच्या विमानात बसल्यावर तेवढी सवड राहत नाही.

कंपनीच्याच वेळापत्रकामुळे थांबा फार लांबत असेल, तर काही विमान कंपन्या हॉटेल, जेवण आणि व्हिसाची सोय स्वतः करतात. एमिरेट्सची 'दुबई कनेक्ट' ही अशीच योजना. मात्र ती सर्व तिकिटांना लागू नसते, आणि जवळचे दुसरे विमान उपलब्ध असताना मुद्दाम लांबचा थांबा निवडला तर मिळत नाही. तिकीट काढतानाच विचारले तर मिळते. काउंटरवर जाऊन भांडून मिळत नाही. इस्तंबूलला तुर्की एअरलाइन्स सहा ते चोवीस तासांच्या थांब्यात शहराची मोफत सहल देते, सिंगापूरलाही साडेपाच तासांपासून पुढच्या थांब्यात अशी मोफत सहल आहे. पण दोन्हीकडे प्रवेशाचा व्हिसा आपल्याजवळ असला पाहिजे.

नमाजची जागा आखातातल्या प्रत्येक मोठ्या विमानतळावर आहे, क्वालालंपूर आणि सिंगापूरलाही आहे. वुजू करून दोन रकात कसर पढून घेतली की मनाला आणि शरीराला जो आराम मिळतो तो महागड्या लाउंजमध्ये मिळत नाही.

शेवटी आमच्या बांधवांना एवढेच सुचवतो. पुढच्या वेळी एजंटसमोर बसाल तेव्हा भाडे विचारून झाल्यावर आणखी चार प्रश्न विचारा : थांबा दिवसा की रात्री, वार कोणता, बॅगा परस्पर जाणार का, आणि बाहेर पडण्याचा व्हिसा कोण काढून देणार. याची उत्तरे मिळाली की मग स्वस्त तिकीट खरोखर स्वस्त आहे की नाही ते तुमचे तुम्हालाच कळेल. आणि बाजार पाहून आलात, तर वहीतली पाने शेजारच्या दुकानदारालाही दाखवा. बारामतीत एकाने आणलेली माहिती इंदापूरच्या दहाजणांना उपयोगी पडते, आणि त्यात कोणाचे गिऱ्हाईक कमी होत नाही.